नवरीच्या धबधब्याचा वळसा

सप्टेंबरातलं धुकं पेर्फाज गावात घरच्या माणसासारखं वागतं. दार वाजवत नाही, येऊ का विचारत नाही. पहाटे कधीतरी गोठ्यात, धुराड्यात, वाळत घातलेल्या चादरींत शिरून बसतं, आणि सकाळी सोलांजने खिडकी उघडली की अंगणातला अक्रोड नाहीसा झालेला असतो, कुंपण नाहीसं झालेलं असतं, समोरचा डोंगर तर जणू कधी नव्हताच. लाल गाई तेवढ्या कुठेतरी असतात. घंटा ऐकू येतात, त्यावरून समजायचं.

त्या सकाळी मात्र खिडकीआधी तिने मागच्या दाराजवळची खुंटी पाहिली. बाबांची टोपी नव्हती. खुंटीखालची काठी होती.

"काठी ठेवून गेले," ती कॉफीच्या किटलीला म्हणाली. घरात तेवढंच कुणीतरी जागं होतं.

तिचे वडील फेलिसियाँ ऐंशीच्या पुढचे. गाई कधीच विकून झाल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, चष्मा सापडायचा तेव्हा सापडायचा. पण सप्टेंबर उजाडला, चांगला पाऊस पडून त्यावर ऊन पडलं, की ते अंथरुणात राहायचे नाहीत. कोटाच्या आत टोपली दडवायची, मागच्या दाराने निघायचं, शेजारच्या मार्सलीनच्या घराकडे उतरायला लागायचं आणि धुक्यात विरघळायचं. उतरायला लागले म्हणजे नक्की चढावर गेले, एवढं सोलांजला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. सूपच्या वेळेला ते परत यायचे. टोपलीवर नेच्याची पानं, पानांखाली सेप. भाजलेल्या पावासारख्या टोपीच्या, जाड पांढऱ्या देठाच्या त्या अळंब्या पाहिल्या की मार्सलीन खुर्ची ओढून बसायचीच.

"कुठे मिळाल्या?" असं त्या गावात कुणी विचारत नाही. बाहेरच्याने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. "जंगलात."

पेर्फाजमध्ये माणूस बायकोला सगळं सांगतो, लग्नाआधीच्या भानगडीसुद्धा सांगतो, पण आपली सेपची जागा सांगत नाही. जागा आयुष्यात एकदाच, एकालाच दाखवायची, पाय थकल्यावर. आणि एकदा दाखवली की आपण तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. ज्याने पाहिली त्याची ती झाली. तोपर्यंत जागेभोवती एक भक्कम थाप बांधून ठेवायची. मार्सलीनच्या नवऱ्याच्या, आर्मांच्या, जागेभोवती विषारी साप होते. चर्चच्या पाद्रीबाबांच्या जागेभोवती एक पिसाळलेला रानडुक्कर होता, आणि तो बराच जगला. पाद्री बदलले तरी डुक्कर तोच. कुणी कुणाच्या थापेला थाप म्हणायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. आर्मां जागा न सांगताच गेला. मार्सलीन आता बाजारातून अळंब्या आणते आणि रविवारी थडग्यावर फुलं ठेवता ठेवता त्याला मनसोक्त शिव्या घालते.

मागच्या शरदात बाबा कपाळावर रक्त घेऊन परतले होते. कुठे पडले ते सांगितलं नाही. जंगलात एकट्याने जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, बाबांनी समजूतदारपणे मान डोलावली, आणि दुसऱ्या सकाळी टोपी खुंटीवर नव्हती.

"मला जागा दाखवा," तेव्हा सोलांज म्हणाली होती.

"इतक्यात?"

"मला अळंब्या नकोत, बाबा. तुम्ही पडलात तर शोधायचं कुठे, एवढंच सांगा."

"शोधायचं कशाला? मी कुठे आहे ते मला माहीत असतं."

"आणि बेशुद्ध पडलात तर?"

"तर मग मलाही घाई नसेल."

तिने त्यांच्यापुढे सूपचा वाडगा जरा जोरात ठेवला होता.

तिच्या घरात वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. उन्हाळ्यात शहरातली कुटुंबं यायची. मुलं तळ्यात पायाने चालवायच्या होड्यांत बसायची, बाप जुन्या ज्वालामुखीच्या कडेवर चढून फोटो काढायचे, आया चीजच्या तळघरात जाऊन नाक दाबून बाहेर यायच्या आणि मग तेच चीज घेऊन जायच्या. सप्टेंबरात ही गर्दी ओसरायची. त्या वर्षी उरले होते फक्त केस्टलूट नवरा-बायको. उत्तरेकडचे, सपाट ओल्या मुलखातले, महिनाभर मुक्काम ठोकून. दोघं निवृत्त. यजमानांच्या गुडघ्याला पट्टा होता. बाईंना नकाशावरची एकूण एक पायवाट चालायची होती. त्या सकाळी त्यांनी नवरीचा धबधबा ठरवला होता.

ती वाट बाबांनीच आखलेली. झाडांवर, दगडांवर पिवळे पट्टे. पट्टा दिसला की बरोबर, पिवळी फुली दिसली की चुकलात. दर वसंतात गावच्या कचेरीतून त्यांना रंगाचा डबा आणि ब्रश मिळायचा, आणि ते एकटेच जाऊन जुने पट्टे उजळून यायचे. मदतीला कुणी नको असायचं. वाट झऱ्याच्या कडेने मजेत, सावलीतून जाते, आणि मग धबधब्याचा आवाज ऐकू यायला लागतो न लागतो तोच झरा सोडून उजवीकडे एका उभ्या चढावर चढते. काटेरी झुडपं, सुटे दगड, जीव मेटाकुटीला. बरंच वर जाऊन पुन्हा खाली उतरते ती त्याच झऱ्यापाशी, थोडंसं पुढे. पाहुणे घामाघूम होऊन विचारायचे, हे कशासाठी? सोलांज सांगायची, "मध्ये दलदल आहे. फार पूर्वी एक गाय बुडाली तिथे, गळ्यातल्या घंटेसकट. धुक्यात अजून घंटा वाजते."

पाहुण्यांना ते फार आवडायचं. त्या वळणावर थांबून ते कान द्यायचे, आणि प्रत्येकाला घंटा ऐकू यायचीच. गाईंचाच मुलूख तो.

दुपारी केस्टलूट मंडळी भिजून, लाल होऊन परतली. सोलांजने सूप वाढलं. बाबांचा वाडगा तिने चुलीच्या कडेला झाकून ठेवला होता, आणि तिचा एक डोळा मागच्या दारावर होता. दार उघडत नव्हतं. सूपला बाबा कधी चुकले नव्हते. आजीच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा ते आधी सूप प्यायले होते.

"सोलांजबाई," केस्टलूटबाई म्हणाल्या, "त्या तुमच्या दलदलीचं मला काही पटलं नाही हो."

"असं?"

"आम्ही दलदलीतलीच माणसं. आमच्याकडे दाराबाहेर पाऊल टाकलं की पाय परत येतो, बूट येत नाही. दलदल म्हटली की लव्हाळं येतं, बेडूक येतात, डास तर आधीच येऊन बसलेले असतात. मी त्या वळणावर उभी राहून आत चांगलं निरखलं. नुसते बीचचे वृक्ष. म्हातारे, सरळ. बीच काही पाण्यात पाय सोडून बसणारं झाड नाही."

"हिला दुसऱ्याच्या अंगणातलं पाणी मोजायची सवय आहे," त्यांचे यजमान सूपमध्ये पाव बुडवत म्हणाले. "घरीही शेजारी आमच्याशी बोलत नाहीत."

"तुम्ही गप्प बसा, तुम्ही त्या चढावर रडत होतात. हे बघा, सोलांजबाई." त्यांनी नकाशा पसरला. चाललेल्या वाटेवरून पेन्सिल फिरवलेली होती. सरळ रेघ, आणि मध्येच कपाला असतो तसा एक कान बाहेर आलेला. "असा कान कोण मुद्दाम काढतं? इथून इथे सरळ गेलं असतं तर तुमचे वडीलसुद्धा चालत गेले असते."

सोलांजचा पळा हवेत राहिला.

आर्मांच्या सापांना ती आयुष्यभर मनात हसली होती. पाद्रीबाबांच्या डुकरालाही. पण आपल्या घरातली थाप तिला कधी दिसलीच नव्हती, कारण ती तिला बाबांच्या खांद्यावर बसल्या बसल्या मिळाली होती, दात पडायच्या वयात. पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि तिला आत्ता कळत होतं की ती गाय कधी बुडालीच नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला जरा वाईटच वाटलं. त्या गाईला नाव होतं, आणि सोलांज तिच्यासाठी रडली होती.

मग झाकलेल्या वाडग्याकडे लक्ष गेलं आणि तिला समजलं, बाबा त्या कानाच्या आतच कुठेतरी असणार.

मार्सलीन तेवढ्यात मागच्या दाराने आत आली. बाबा नसून मार्सलीन आली म्हणून सोलांजने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती दारातच थांबली.

"आला नाही का म्हातारा?"

"नाही. मी अग्निशमनवाल्यांना फोन करते, ते शोधतील."

"कर की. पण नीट विचार करून कर," मार्सलीन खुर्चीत बसत म्हणाली. "ती पोरं कुत्री घेऊन येतील, रांगेत हात धरून सगळं रान तुडवतील. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या आया इथल्याच, जागा गावभर होईल. तो जिवंत सापडला तरी संध्याकाळपर्यंत त्यानेच मरेल."

"आणि नाही केला तर?"

मार्सलीनने सोलांजचा कोट खुंटीवरून काढून पुढे धरला आणि वर बाबांची काठी दिली. "अंधार पडायच्या आत नाही आलीस तर मी फोन करते. मग म्हाताऱ्याने मला शिव्या दिल्या तरी चालतील. मी थडग्याला देते तेव्हा समोरून कुणी बोलतच नाही, निदान हा तरी बोलेल."

झऱ्याच्या वाटेवर धुकं आणखी दाट होतं. झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. वर काय होतं, काही होतं की नाही, सांगता आलं नसतं. पिवळा पट्टा जवळ येऊन उजळायचा आणि मागे पडून विझायचा, जणू कुणी पुढे पुढे दिवा धरून चाललंय आणि तो प्रत्येक झाडापाशी ठेवून देतंय. सोलांज हजारदा या वाटेने गेली होती, पण नेहमी मागे पाहुण्यांची बडबड घेऊन. आज पाण्याचा आवाज एकटाच होता, तोही कधी डावीकडून, कधी पायाखालून. आपण चालतोय की वाटच आपल्याखालून सरकतेय, असं वाटायला लागलं. एका झाडाआडून हरणासारखं काहीतरी निघालं, तिच्याकडे पाहिलं आणि धुकं होऊन गेलं.

वळण आलं. उजवीकडे चढावर पिवळा पट्टा, समोरच्या बीचवर पिवळी फुली. फुलीचा रंग इतर खुणांपेक्षा ताजा होता. दरवर्षी दोन हात मारलेले दिसत होते.

"बाबा," तिने हाक मारली.

धुक्याने हाक घेतली आणि ठेवून घेतली.

"बाबा."

बराच वेळ पानांवरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू आलं. मग आतून, फार लांबून नव्हे, आवाज आला.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"तुमची मुलगी. दुसरी कोण येतेय तुम्हाला शोधायला?"

"कुठे उभी आहेस?"

"वाटेवर. फुलीपाशी."

"मग ठीक आहे. जा घरी, मी येतो मागून."

"सूप गार झालं."

"पुन्हा तापव."

"बाबा, तुम्हाला उठता येतंय का?"

"उठता येतंय." आवाज जरा खाली आला. "उभं राहता येत नाही."

"मी आत येते."

"आत दलदल आहे."

"बाबा."

"गाय बुडाली होती, ठाऊक आहे ना?"

"बाबा, गाय बुडाली नव्हती."

यावर इतका वेळ काहीच आलं नाही की तिला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. माणूस आत एकटा पडलाय आणि आपण त्याची गाय काढून घेतली. शेवटी आवाज आला. "कोण म्हणालं?"

"केस्टलूटबाई."

"सपाटीची माणसं," बाबा म्हणाले, आणि त्यात सगळं आलं.

ती फुलीच्या झाडाशी उभी राहिली. आत पाऊल टाकायला काहीच अडवत नव्हतं. ना कुंपण, ना चिखल. पण पाय उचलत नव्हता.

"सोलांज, तू आत आलीस की पाहशील," धुकं म्हणालं. धुकंच बोलतंय असं वाटत होतं. "पाहिलीस की तुझी झाली. ती तुझीच आहे, तसं काही नाही. पण आत्ता नको. माझ्या आईने मला दाखवली ना, त्यानंतर ती दर सप्टेंबरात घराच्या पायरीवर बसायची. हात मांडीवर. मी टोपली घेऊन आलो की उठून आत जायची. वाससुद्धा नको म्हणायची. मी काय करू गं सप्टेंबरात?"

सोलांजला आजीची ती पायरीवरची मूर्ती आठवत होती. लहानपणी तिला वाटायचं, आजी कुणाची तरी वाट बघतेय.

"डोळे मिटून आले तर?" ती म्हणाली.

"काय?"

"डोळे मिटून येते. तुम्ही सांगाल तसं चालते. तुम्हाला घेते आणि तशीच बाहेर येते. काही पाहणार नाही."

बाबा विचार करत असावेत. "लबाडी नाही ना करणार?"

"इतकी वर्षं तुमच्या गाईसाठी पाहुण्यांना गप्प उभं करत आले मी. लबाडीचं माझ्याशी बोलू नका."

"मीट," बाबा म्हणाले.

तिने डोळे मिटले, काठी पुढे धरली आणि फुली ओलांडली.

पहिल्यांदा भीती वाटली, मग वाटेनाशी झाली. मिटलेल्या पापण्यांमागे फिकट पिवळसर उजेड होता, धुक्याचाच असेल. जमीन बदलली. वाटेवरचे दगड गेले आणि पानांचा जाड थर लागला, जुन्या गादीसारखा, पाय टाकला की हळूच खाली जाऊन वर येणारा.

"सरळ ये. सरळ. आता जरा उजवीकडे. डावीकडे नको."

"डावीकडे काय आहे?"

"काही नाही. काही नाही तिथे कशाला जातेस?"

वास आला. ओल्या पानांचा, हेझलच्या फोडलेल्या बियांचा, ताज्या पिठाचा. बाबांच्या कोटाला सप्टेंबरभर असायचा तोच, पण इथे कोटाशिवाय, सगळीकडून. या वासात ती कितीतरी सकाळी शाळेत गेली होती. तिला वाटलं, आपण कोटाच्या आत चालतोय. बाबांच्या जुन्या कोटाच्या खिशात, आणि खिसा फार मोठा आहे, त्यात झाडं उभी आहेत.

पायाखाली काहीतरी मऊ दबलं आणि फुटलं. समोरून कण्हण्याचा आवाज आला.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"नाही. ये पुढे."

"माझा पाय कशावर तरी पडला."

"दगडावर."

"दगड मऊ होता, बाबा."

"जुना दगड आहे," बाबा खोल आवाजात म्हणाले. "ये. हात पुढे कर."

त्यांचा हात थंड आणि ओला होता, मातीने भरलेला. तिने चाचपून खांदा शोधला, मग गुडघा, मग पाय. घोटा सुजला होता पण वाकडा नव्हता. तिने त्यांच्या काखेत खांदा दिला आणि उचललं. म्हातारा हलका झाला होता. हे तिला डोळे उघडे असते तर इतकं कळलं नसतं.

"टोपली," बाबा म्हणाले.

"टोपलीचं मरो."

"मग मी इथेच बसतो."

टोपली तिच्या दुसऱ्या हातात आली. जड होती. काठी बाबांनी घेतली. अशा थाटात ते निघाले. तिचे पाय, त्यांचे डोळे, मधूनमधून "आता मूळ आहे, उचल पाय", "फांदी, डोकं खाली", आणि एकदा, अगदी जपून, "इथे लांब ढांग टाक. आणखी लांब." तिने ढांग टाकली. कशावरून टाकली ते तिने विचारलं नाही. उघडून बघावं असं वाटलं नाही असं नाही. धुकं इतकं होतं की उघडले असते तरी काही दिसलं नसतं, असंही तिला वाटून गेलं. पण ते उघडल्याशिवाय कळणार कसं, आणि तिने उघडले नाहीत.

"उघड," बाबा म्हणाले.

समोर फुलीचं झाड होतं. झाडाभोवती कापूस पिंजून ठेवल्यासारखं धुकं. बाबांच्या एका भुवईवर बीचचं पान चिकटलेलं होतं, आणि ते तिच्याकडे असं पाहत होते, जणू तीच कुठून तरी परत आली होती.

वाट उताराची होती, पण फार हळू झाली.

"एकदाही नाही पाहिलंस?" बाबांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"वेडी आहेस. मी पाहिलं असतं."

संध्याकाळी मार्सलीनने घोट्याला कोबीची पानं बांधली, आणि बांधता बांधता इतकं बोलली की बाबांनी डोळे मिटून घेतले. सोलांजने सेप लसूण आणि कोथिंबिरीसारखी पार्सली घालून परतल्या. केस्टलूटबाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि दलदलीबद्दल काही विचारायला तोंड उघडलं. मग त्यांनी बाबांच्या घोट्याकडे पाहिलं. टोपलीतल्या नेच्याच्या पानांकडे पाहिलं. जेवण झाल्यावर त्यांनी यजमानांकडून खोडरबर मागून घेतलं आणि नकाशावरचा तो कान अगदी निगुतीने पुसून टाकला.

"काय करतेस?" यजमान म्हणाले.

"चुकलं होतं," बाई म्हणाल्या.

घोटा बरा होईपर्यंत बाबांना घरात राहावं लागलं. पहिले दिवस ते खिडकीशी बसले. मग ऊन आलं तसे पायरीवर बसायला लागले. सोलांज कपडे वाळत घालता घालता वळली, आणि तिला ते दिसले. टोपी डोक्यावर, हात मांडीवर, तोंड चढाच्या दिशेला. ती हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. चादरीचं पाणी तिच्या बुटांत गेलं तरी तिला कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने बटाटे आणि ताजं चीज एकत्र घोटलं. बाबांच्या ताटात वाढताना ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून मी पाहुण्यांना सकाळीच धबधब्यावर नेणार आहे. सावकाश. वाटेत नाश्ता. चढावर प्रत्येक पट्ट्यापाशी थांबायचं."

"कशाला? तुझे पाहुणे नुसते बडबडतात."

"म्हणूनच. आतल्या माणसाला ऐकू येईल, आम्ही कुठे आहोत ते. वळसा मोठा आहे, सगळीकडून जातो. आतला माणूस काठी घेऊन गेला असेल. मी विचारलं, आहात का, की आतून काहीतरी आवाज यायचा. काहीही. मी आत येणार नाही."

"आणि नाही आला आवाज?"

"तर मी येईन. डोळे उघडे ठेवून."

बाबांनी चीजचा धागा काट्याला गुंडाळला. तो तुटेचना. "काठी नको," ते म्हणाले.

"मग टोपली पण नको."

बराच वेळ ते धाग्याशी झुंजले. "काठी चालेल," ते म्हणाले.

पहिल्या सकाळी धुकं होतंच. केस्टलूट नवरा-बायको होते, आणि क्लेरमाँ शहरातून आलेल्या, एकसारखे निळे रेनकोट घातलेल्या चार बहिणी. बाबा त्यांच्या बऱ्याच आधी, मार्सलीनच्या घराकडे उतरून गेले होते. झऱ्याच्या कडेने बहिणींनी एका लग्नाचा विषय काढला आणि तो चढ लागला तरी संपला नाही. पहिल्या पट्ट्यापाशी सोलांज थांबली.

"आहात का?" ती धुक्याला म्हणाली.

आतून खोकला आला. बहिणी क्षणभर गप्प झाल्या.

"कोल्हा," केस्टलूटबाई ताबडतोब म्हणाल्या. "इथले कोल्हे खोकतात."

दुसऱ्या पट्ट्यापाशी आतून काठी बुंध्यावर आपटल्याचा आवाज आला. तिसऱ्यापाशी एक शिवी, पण मनापासून दिलेली नव्हे. चौथ्यापाशी, वळशाच्या अगदी माथ्यावर, सोलांजने विचारलं, आहात का, आणि काहीच आलं नाही.

तिने पुन्हा विचारलं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. तिचा उजवा पाय वाटेच्या कडेला आला, पानांच्या थरावर टेकला. मागे निळे रेनकोट थांबले होते. तिने सवयीने डोळे मिटले, नीट ऐकावं म्हणून. तेव्हा ते आलं. हाक नव्हे, उत्तर नव्हे. खूप खाली, खूप आत, कुणीतरी कुणाशी तरी हळू बोलत होतं. लाडाने. बघू, बघू, किती मोठी झालीस, थांब, तू अजून लहान आहेस, तुला नाही नेत, तू चल टोपलीत. आपल्याशी लहानपणी बाबा असं कधी बोलले होते का, हे सोलांजला आठवेना. बोलले असतील. धुक्यात ते शब्द ओले होऊन येत होते, अर्धे पोचत होते, अर्धे पानांवर राहत होते.

तिने डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं की मागच्या सगळ्यांनी डोळे मिटले आहेत. चारही बहिणी एका ओळीत, चेहरे वर केलेले. केस्टलूटबाई. गुडघ्याला पट्टा लावलेले यजमान, टोपी हातात घेऊन, चर्चमध्ये उभं राहावं तसे. त्यांना वाटलं होतं, इथे असंच करायचं असतं.

"आता काय ऐकायचं?" यजमानांनी डोळे न उघडता हळूच विचारलं.

"काही नाही," सोलांज म्हणाली. "नुसतं उभं राहा."

ते उभे राहिले. धुकं त्यांच्या खांद्यांवरून जात होतं. कुणाला घाई नव्हती.

"किती वेळ उभे राहणार आहात?" आतून आवाज आला, खणखणीत, वैतागलेला. "लोकांना कामं असतात. चला, पुढे व्हा."

आणि ती मंडळी, काहीशी ओशाळून, पुढच्या पट्ट्याकडे चालायला लागली.